स्थिरचित्र : उतरंडीत सर्वांत खाली असलेला प्रकार आधुनिक चित्रकलेच्या केंद्रस्थानी कसा आला?

प्रश्न – रंगपेटी

नमस्कार. गेले काही महिने मी युरोपीय चित्रकलेचा इतिहास क्रमाने वाचत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. फ्रान्सच्या राजेशाही कला अकादमीत १६६७ साली झालेल्या व्याख्यानांच्या प्रस्तावनेत आंद्रे फेलिबियाँ याने चित्रप्रकारांची उतरंड मांडली. धार्मिक, पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंग सर्वांत वर, त्याखाली व्यक्तिचित्र, मग जिवंत प्राणी व निसर्गदृश्य, आणि फळे, फुले, शिंपले अशा न हलणाऱ्या वस्तूंची चित्रे, म्हणजे स्थिरचित्रे, रंगवणारा चित्रकार अगदी तळाशी. माणूस ही ईश्वराची सर्वांत परिपूर्ण निर्मिती असल्यामुळे मानवाकृती रंगवणारा श्रेष्ठ, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

यानंतर सव्वादोनशे वर्षांनी फ्रेंच चित्रकार सेझान सफरचंदे मांडून बसतो, आणि पुढे पिकासो व ब्राक यांचा घनवाद (वस्तूंचे भौमितिक तुकडे करून त्या अनेक बाजूंनी एकत्र दाखवणारी शैली) बाटल्या, पेले आणि फळांच्या थाळ्या यांवरच मोठ्या प्रमाणात उभा राहतो. जो प्रकार सर्वांत क्षुद्र मानला गेला, तोच चित्रकलेतील सर्वांत मोठ्या उलथापालथीची जागा का ठरला?

याला जोडूनच आणखी एक शंका आहे. बहुतेक ठिकाणी स्थिरचित्राचा प्रवास 'आधी धार्मिक प्रतीक, मग वैभवाचे प्रदर्शन, शेवटी शुद्ध आकार' असा जिन्याच्या पायऱ्यांसारखा सांगितलेला आढळतो. मला ही मांडणी जरा जास्तच सरळ वाटते. ज्यांनी ही चित्रे बारकाईने पाहिली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ – भित्तिचित्र

आपली शंका रास्त आहे. जिन्याची पहिली पायरी म्हणून ज्या धार्मिक प्रतीकाचा उल्लेख होतो, त्याच्या कितीतरी आधी हा प्रकार चांगला प्रौढ झालेला होता. इजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवर भाकऱ्या, बदके, द्राक्षे यांच्या राशी रंगवलेल्या दिसतात, पण त्या पाहणाऱ्यासाठी नव्हत्या. मृताला परलोकात अन्न मिळावे म्हणून ती केलेली सोय होती. रोमन काळात मात्र वस्तू केवळ पाहण्यासाठी रंगवल्या जाऊ लागल्या. पाहुण्यांना पाठवल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांच्या चित्रांना 'झेनिया' म्हणत, असे रोमन वास्तुविशारद व्हित्रुव्हियसने नोंदवले आहे, आणि अशी चित्रे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरांतून मोठ्या संख्येने मिळाली आहेत. अशाच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरातले पीच फळांचे एक चित्र सध्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात फांदीवरची हिरवट फळे वरच्या कप्प्यात ठेवलेली आहेत आणि खाली अर्धे पाणी भरलेले काचेचे भांडे आहे. पाण्याची पातळी दाखवणारी फिकट रेघ आणि काचेवर पडलेला प्रकाशाचा ठिपका पाहिला, की हे चित्र सतराव्या शतकातले नाही यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

रोमन लेखक प्लिनीने पिराइकोस नावाच्या एका ग्रीक चित्रकाराची नोंद करून ठेवली आहे. तो न्हाव्यांची आणि चांभारांची दुकाने, गाढवे, खाद्यपदार्थ असे सामान्य विषय रंगवत असे, आणि त्याच्या चित्रांना इतरांच्या भव्य चित्रांपेक्षा जास्त किंमत येत असे. म्हणजे 'विषय हलका, पण मागणी मोठी' ही परिस्थिती फेलिबियाँच्या दीड हजाराहून अधिक वर्षे आधीपासूनची आहे. त्याच परंपरेत पर्गमॉनच्या सोसोसने जेवणानंतर न झाडलेली जमीन रंगीत तुकड्यांच्या फरसबंदीत साकारली होती. तिची रोमन प्रतिकृती व्हॅटिकनमध्ये आहे. माशाचे काटे, खेकड्याच्या नांग्या, फळांची देठे अशा उष्ट्याखरकट्याची प्रत्येक वस्तू आपली स्वतंत्र सावली टाकून पडली आहे आणि एक उंदीर अक्रोडाचे टरफल कुरतडतो आहे.

मध्ययुगात स्वतंत्र वस्तुचित्र जवळजवळ नाहीसे झाले. वस्तू उरल्या त्या कोणाच्या तरी सेवेत. मेरीजवळचे पांढरे लिलीचे फूल हे तिच्या पावित्र्याचे चिन्ह होते, त्या फुलाला स्वतःची म्हणून वेगळी किंमत नव्हती. पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकारांनी मात्र ही चिन्हे इतक्या निष्ठेने निरखली की ती चिन्हांच्या पलीकडे गेली. ह्यूगो व्हान डर गूस याने १४७५ च्या सुमारास केलेल्या पोर्तिनारी वेदीचित्रात नवजात येशूसमोर जमिनीवर दोन फुलपात्रे ठेवलेली आहेत, एक रंगवलेल्या मातीचे आणि दुसरे साध्या काचेचे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्यातील प्रत्येक फुलाला अर्थ आहे, पण त्या काचेतून पाझरून जमिनीवर पडलेल्या प्रकाशाला धर्मशास्त्राची गरज नाही. तो चित्रकाराने पाहिला आणि त्याला तो सोडवेना, एवढेच कारण पुरेसे आहे असे मला वाटते.

यानंतर वस्तू मुख्य चित्रात शिरल्या त्या मागच्या दाराने. मेमलिंगने १४८५ च्या सुमारास प्रार्थना करणाऱ्या एका तरुणाचे व्यक्तिचित्र केले आणि त्याच फळीच्या मागच्या बाजूला गालिच्यावर ठेवलेला फुलांचा चंबू रंगवला. याकोपो दे' बार्बारी याने १५०४ साली एक तित्तिर पक्षी आणि लोखंडी हातमोजे भिंतीवर टांगलेले रंगवले आणि खाली स्वतःच्या सहीचा कागदाचा चिटोराही रंगवला. त्यात माणूस नाही, प्रसंग नाही. १५५१ साली पीटर आर्टसेनने तर क्रमच उलटा केला. त्याच्या चित्रात समोर खाटकाचे दुकान आहे, ज्यात गाईचे सोललेले मुंडके, सॉसेजच्या माळा आणि मासे दाटीने भरले आहेत, आणि त्यामागे, एका लहानशा चौकटीएवढ्या जागेत, इजिप्तला निघालेले पवित्र कुटुंब दिसते. मेरी एका भिकारी मुलाला भाकरी देत आहे, पण तिला शोधावे लागते.

त्यामुळे याला 'विकास' म्हणण्यापेक्षा मी वस्तूंचे जाणे-येणे म्हणेन. त्या एकदा मध्यभागी होत्या, मग त्यांना हजारएक वर्षे चाकरी करावी लागली, आणि पुढे धर्मसुधारणेमुळे प्रोटेस्टंट प्रदेशांत चर्चकडून चित्रांची मागणी आटली तेव्हा घरांच्या भिंतींनी त्यांना पुन्हा जागा दिली.

प्रतिसाद २ – तैलरंग

इतिहासाची बाजू वर उत्तम आली आहे. मी तैलरंगात काम करतो आणि गेली अनेक वर्षे प्रामुख्याने स्थिरचित्रेच केली आहेत, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्रफलकासमोर उभे राहणाऱ्याच्या बाजूने देतो.

प्रसंगचित्रात चित्रकाराला कथा आधीच बांधून टाकते. कोण कुठे उभा आहे, कोणाचा हात वर आहे, प्रकाश कोणावर पडला पाहिजे, हे कथेने ठरवलेले असते. व्यक्तिचित्रात समोरच्या माणसाचे समाधान करावे लागते आणि तो तासाभराने दमतो. निसर्गदृश्यात ढग थांबत नाहीत. टेबलावरची वस्तू मात्र चित्रकार स्वतः निवडतो, स्वतः मांडतो, हवी तेव्हा सरकवतो, आणि तिला कोणाकडूनही कसली अपेक्षा नसते. उतरंडीत तळाशी असल्यामुळे या प्रकाराकडे नियमांचे लक्षही कमी होते. त्यामुळे 'आपण पाहतो म्हणजे नेमके काय करतो' हा प्रश्न इथे जितक्या निवांतपणे विचारता येतो तितका दुसरीकडे येत नाही. माझ्या मते खालच्या पायरीनेच या प्रकाराला स्वातंत्र्य दिले.

हे केवळ सेझानच्या बाबतीत खरे नाही. हुआन सांचेझ कोतान याचे १६०२ च्या सुमाराचे चित्र पाहा. दगडी खिडकीच्या चौकटीत एक क्विन्स आणि एक कोबी दोऱ्यांनी टांगलेले आहेत, खालच्या कट्ट्यावर कापलेले खरबूज आणि त्याची फोड आहे, आणि एक काकडी कट्ट्याच्या बाहेर, थेट आपल्याकडे, डोकावते आहे. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत या वस्तूंची एक सुरेख वक्र रेषा उतरत येते. त्यांच्यामागे पूर्ण काळोख आहे. थंड कोठीत भाज्या टिकाव्यात म्हणून टांगून ठेवण्याची पद्धत खरीच होती, पण ती वक्र रेषा कोठीतली नाही, ती चित्रकाराची आहे. १६०३ साली हा चित्रकार कार्थुसियन पंथाच्या मठात दाखल झाला. त्या चित्रातली शांतता पाहिल्यावर त्या निर्णयाचे आश्चर्य वाटत नाही.

त्याच सुमारास काराव्हाज्जोने फळांची करंडी रंगवली, जी आज मिलानच्या अँब्रोसियाना संग्रहात आहे. करंडीचे बूड फळीच्या कडेच्या किंचित पुढे आले आहे, इतके की तिला हात लावून मागे ढकलावेसे वाटते. समोरच्या सफरचंदाला कीड लागली आहे, द्राक्षाची पाने कडेला सुकून वळली आहेत. एखाद्या राजपुत्राचा चेहरा जितक्या गांभीर्याने रंगवला जाई तितक्याच गांभीर्याने त्याने ते किडके सफरचंद रंगवले आहे.

मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवले ते फ्रेंच चित्रकार शार्दाँने. तो १७२८ साली अकादमीत घेतला गेला तो 'प्राणी व फळे' यांचा चित्रकार म्हणून, म्हणजे खालच्या दारानेच. त्याचे १७६१ च्या सुमाराचे, काचेचा पेला आणि कॉफीचे भांडे असलेले एक छोटे चित्र आहे. काठोकाठ न भरलेला पाण्याचा पेला, काळपट पडलेले भांडे, लसणाचे तीन गड्डे, इतकेच. असा पेला मी कितीदा तरी मांडून पाहिला आहे. नवशिका चित्रकार काच रंगवू पाहतो आणि फसतो, कारण काचेला रंग नसतो. तिच्यामागची पार्श्वभूमी किंचित सरकलेली दिसते, पाण्याच्या पातळीवर एक करडी लंबवर्तुळाकार रेघ येते, कडेला एक-दोन ठिकाणी पांढऱ्या रंगाचा जाड ठिपका बसतो, आणि बाकीचे काम पाहणाऱ्याचा डोळा करतो. शार्दाँच्या चित्रांजवळ गेले की सारे विस्कटते आणि मागे सरले की पुन्हा आकाराला येते, असे निरीक्षण फ्रेंच लेखक दिदरोने १७६३ मध्ये नोंदवले होते. सेझानचा प्रश्न इथे आधीच उभा राहिलेला आहे.

सेझानने तो प्रश्न पुढे ताणला. सफरचंदांच्या करंडीचे त्याचे १८९३ च्या सुमाराचे चित्र शिकागोत आहे. त्यात कापडाच्या डावीकडे टेबलाची कड ज्या उंचीवर संपते, त्या उंचीवर ती उजवीकडे निघत नाही. बाटली कलली आहे, बिस्किटांची रास वरून पाहिल्यासारखी आहे आणि थाळी बाजूने. हा यथादर्शनाचा (जवळचे-लांबचे नियमाने दाखवण्याच्या पद्धतीचा) अज्ञानातून झालेला घोळ नव्हे. माणूस एका जागी खिळून एका डोळ्याने पाहत नाही, तो मान वळवतो, थोडा उठतो, पुन्हा बसतो, आणि या साऱ्या नजरा एकाच फलकावर कशा बसवायच्या हा त्याचा उद्योग होता. तो मांडणी कशी करी हे एका तरुण चित्रकाराने पाहून सांगितले आहे. फळे हव्या त्या कोनात कलावीत म्हणून तो त्यांच्याखाली नाणी सरकवत असे. त्याची कामाची गती इतकी मंद होती की फळे सडत, म्हणून फुलांच्या जागी तो कागदी फुलेही वापरी. एवढा वेळ त्याला दुसऱ्या कोणत्या विषयाने दिला असता?

प्रतिसाद ३ – लिंबाची साल

वरील प्रतिसादातील निरीक्षणे मोलाची आहेत, परंतु त्यातील मुख्य विधानाशी मी पूर्ण सहमत नाही. टेबलावरच्या वस्तूला कोणाकडून कसली अपेक्षा नसते, हे चित्रकाराच्या दृष्टीने ठीक असेल, पण ती वस्तू टेबलावर आली कशी हा प्रश्न पुसून टाकला तर सतराव्या शतकातील डच चित्रांचा अर्धा भाग हातातून निसटतो.

'स्टिलेवेन' हा शब्दच मुळी डच आहे आणि तो साधारण १६५० च्या सुमारास रूढ झाला. फ्रेंचांनी पुढे 'नातूर मोर्त', म्हणजे मृत निसर्ग, असे नाव दिले. स्पॅनिश लोक 'बोदेगोन' म्हणतात, ज्याचे मूळ कोठी किंवा खाणावळ यात आहे. निश्चल जीवन, मृत निसर्ग आणि कोठी ही तीन नावे एकाच प्रकाराची आहेत आणि तीन वेगळ्या दृष्टी सांगतात. मला डच नाव सर्वांत अचूक वाटते, कारण त्यात जीवन आहे.

पीटर क्लास आणि विलेम हेडा यांनी हार्लेममध्ये जी न्याहारीची चित्रे केली त्यांत करडा, तपकिरी आणि हिरवट एवढीच छटा आहे. कथलाच्या मिश्रधातूची थाळी, आडवा पडलेला पेला, अर्धे सोललेले लिंबू, मोडलेली भाकरी. विलेम काल्फच्या चित्रांत हेच टेबल श्रीमंत होते आणि त्यावर चिनी मातीचा वाडगा, समुद्री शंखाचा चषक आणि गालिचा येतो. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे नसती तर तो वाडगा तिथे नसता. चित्र विकत घेणाऱ्याला हे पक्के ठाऊक होते.

प्रतीकांबद्दल मात्र सावध राहावे असे मी सुचवेन. कवटी, वाळूचे घड्याळ, नुकतीच विझलेली मेणबत्ती असलेली चित्रे 'सर्व काही क्षणभंगुर आहे' हे उघडपणे सांगतात आणि त्यात शंकेला जागा नाही. परंतु म्हणून प्रत्येक लिंबू म्हणजे वरून गोड आणि आतून आंबट अशा जगाचा उपदेश ठरत नाही. लिंबाची सुटलेली साल रंगवायला अतिशय कठीण असते. पिवळी खडबडीत बाह्य कड, पांढरा मऊ अस्तराचा भाग आणि आतला ओला गर असे तीन पोत एकाच वळणात येतात, आणि ग्राहकाला हे कसब पाहायचे असे. उपदेश, संपत्ती आणि कसब या तिन्ही गोष्टी एकाच थाळीत असू शकतात.

फुलांच्या चित्रांबद्दलही असाच गैरसमज आहे. यान ब्रूघेल थोरला किंवा बॉसखार्ट यांचे पुष्पगुच्छ हुबेहूब वाटतात, पण ते कधीच अस्तित्वात नव्हते, कारण त्यातील फुले वेगवेगळ्या ऋतूंत उमलणारी आहेत. चित्रकार एकेक फूल उमलेल तेव्हा त्याचा अभ्यास करून ठेवी आणि नंतर ती सारी एका फुलदाणीत जमवी. दुर्मीळ फुले प्रत्यक्ष पाहून रंगवता यावीत म्हणून ब्रूघेलने अँटवर्पहून ब्रुसेल्सला जाण्याचे कष्ट घेतले होते. इतका खरा दिसणारा गुच्छ पूर्णपणे कल्पित असावा, यात मला त्या चित्रकारांची थोरवी दिसते.

आणखी एक बाब इथे कोणी मांडली नाही. स्त्रियांना नग्न मानवाकृतीवरून अभ्यास करण्याची मुभा नव्हती आणि त्याखेरीज प्रसंगचित्र जमणे शक्य नव्हते. त्यामुळे खालची पायरी हीच अनेकींसाठी चित्रकलेत येण्याची वाट झाली. क्लारा पेटर्सने १६१२ च्या एका चित्रात सोनेरी चषकाच्या गोल फुगवट्यांवर स्वतःचे, रंगफळी हातात घेतलेले, इवलेसे प्रतिबिंब पुन्हा पुन्हा रंगवले आहे. थोडे दुरून पाहिले तर ती केवळ धातूची चमक वाटते. राखेल राउश (१६६४–१७५०) हिने दहा मुलांना जन्म दिला, ती ड्युसेलडॉर्फच्या दरबाराची चित्रकार झाली, आणि ऐंशी ओलांडल्यावरच्या चित्रांवर तिने सहीसोबत आपले वयही लिहिले. तळाच्या पायरीने स्वातंत्र्य दिले असे म्हणताना, काहींना ती सोडून वर जाण्याची परवानगीच नव्हती, हेही त्याच वाक्यात म्हणायला हवे.

रंगपेटी

तिघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या प्रतिसादाने माझ्या प्रश्नातली एक गृहीत गोष्ट हलवली. मी वरून खाली पाहत होतो, आणि ज्यांच्यासाठी तीच एक पायरी होती त्यांचा विचार केला नव्हता.

एक पुढचा प्रश्न विचारतो. घनवादानंतर या प्रकाराचे काय झाले? छायाचित्रणाने वस्तू हुबेहूब टिपायला सुरुवात केल्यावर रंगवण्यासारखे काय उरले?

तैलरंग

आधी 'लिंबाची साल' यांचा मुद्दा मान्य करतो. मी निवडीविषयी बोललो, पण निवडण्याजोगे काय समोर आले हे व्यापार आणि समाज ठरवतात.

छायाचित्रणाने या प्रकाराला मारले नाही, उलट त्याचे सुरुवातीचे बरेच प्रयोग इथेच झाले. सुरुवातीला चित्र उमटण्यासाठी बराच वेळ लागे, त्यामुळे न हलणाऱ्या वस्तू सोयीच्या होत्या. दागेरने १८३७ मध्ये प्लास्टरच्या मूर्ती आणि एक बाटली यांची मांडणी टिपली. टॅलबटने चिनी मातीच्या भांड्यांनी भरलेल्या फडताळाचे छायाचित्र छापले आणि भांडी चोरीला गेलीच तर ते न्यायालयात पुरावा होऊ शकेल, असे नमूद केले. १९३० साली एडवर्ड वेस्टनने एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. नरसाळ्याच्या आतल्या गोलाईवरून परतलेल्या मंद प्रकाशात ती मिरची पाठमोऱ्या मानवी देहासारखी दिसते. फेलिबियाँने जो देह सर्वांत वर ठेवला होता तो असा भाजीत सापडला.

चित्रकलेत १९१२ मध्ये मोठे वळण आले. पिकासोने वेताच्या खुर्चीची विणकाम-नक्षी छापलेला मेणकापडाचा तुकडा लंबवर्तुळाकार फलकावर चिकटवला, त्यावर पेला, वर्तमानपत्राची अक्षरे वगैरे रंगवले, आणि चौकट म्हणून दोरखंड गुंडाळला. वस्तू रंगवण्याऐवजी वस्तूच चित्रात आली, आणि ती वस्तूही खरी वेत नव्हे, वेताचे छापील चित्र. द्युशाँने १९१४ मध्ये बाटल्या वाळवण्याची घोडी विकत आणून तशीच ठेवली, तेव्हा रंगवण्याची क्रियाही गळाली. वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रे लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात अरुंद फळीवर, दुकानात मांडतात तशी, ओळीने मांडली. काल्फचा चिनी वाडगा आणि हा डबा यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्हींत आपल्या काळात घरोघरी काय पोहोचते आहे, ते आहे.

रंगवण्यासारखे काय उरले, याचे उत्तर मात्र मी मोरांदीकडे बोट दाखवून देईन. जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) बोलोन्यात आपल्या तीन बहिणींसोबत राहिला आणि आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, डबे आणि चंबू रंगवत राहिला. काचेची चकाकी नको म्हणून तो काही बाटल्यांना रंग लावी आणि वस्तूंवर धूळ साचू देई. टेबलावर अंथरलेल्या कागदावर प्रत्येक वस्तूची जागा पेन्सिलीने आखलेली असे, आणि मग एखादी बाटली बोटभर सरकवली की ते नवे चित्र होई. प्रतीक नाही, वैभव नाही, सेझानसारखी कललेली थाळीही नाही. त्याची शेवटच्या वर्षांतली जलरंगचित्रे पाहिली तर दोन बाटल्यांमधल्या सावलीला तो रंग लावतो आणि बाटलीच्या जागी कागद कोरा सोडतो.

भित्तिचित्र

एक छोटी भर. आपण सर्वांनी युरोपचीच चौकट धरली, पण तेराव्या शतकात, म्हणजे काराव्हाज्जोच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी, मूची या चिनी भिक्षूने शाईने सहा पर्सिमन फळे रंगवली. ते चित्र आज क्योटोच्या दाइतोकुजी मंदिराच्या मालकीचे आहे. त्यात टेबल नाही, सावली नाही, पार्श्वभूमी नाही. मधले फळ गडद काळे, कडेची फिकट होत होत जवळजवळ नुसती बाह्यरेषा, आणि एक फळ ओळ सोडून थोडे पुढे आलेले. मोरांदीने कोरा सोडलेला कागद मूचीने आधीच वापरला होता. त्या चित्राला 'स्थिरचित्र' म्हणावे की नाही, याबद्दल इथल्या जाणकारांचे मत वाचायला मला आवडेल.